एक्सपेक्ट आणि एक्सप्लेनच्या मधे

कळवा नाक्यावरच्या आमच्या चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात
समऱ्या मी टाइप करते.
डॉक्टर बोलतात, मी त्याचं इंग्रजी करते.
म्हणजे तेही इंग्रजीच बोलतात, पण धावतपळत:
"पेशंट केम विथ पोटात दुखणे सिन्स थ्री डेज,"
आणि जिना उतरून जातात.

कोलासो मॅडम रिटायर झाल्या
तेव्हा त्यांनी ड्रॉवर रिकामा केला. बामची डबी, रोझरी,
आणि हे जाडजूड पुस्तक, माझ्याकडे सरकवलेलं.
"ठेव तुझ्याकडे. मला आता कुणाला दुरुस्त करायचं नाही."
एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटाचं कव्हर,
त्यावर कुणाच्या तरी डाव्या मनगटाची तारीख
अजून पुसट दिसते.

मी खारेगावच्या मराठी शाळेतली.
'द' मला कधी लागलाच नाही.
आमच्याकडे चंद्र नुसता चंद्र, सूर्य नुसता सूर्य,
त्यांच्यापुढे चोपदार चालत नाहीत.
पुस्तक म्हणतं, पहिल्यांदा भेटला तर 'अ',
ओळख झाली की 'द'.
हे मात्र आवडलं.
सकाळी आलेला 'अ पेशंट'
दुसऱ्याच ओळीत 'द पेशंट' होतो.
एवढी ओळख आमच्या वॉर्डात कुणी करून घेत नाही.

रोज डबा खाताना एक पान.
सिन्स कधी, फॉर कधी. डिस्कसनंतर अबाउट नको.
रिव्हर्ट म्हणजेच मागे, मग बॅक कशाला?
निमकर डॉक्टरांचे किती बॅक मी गुपचूप गाळले,
त्यांना पत्ता नाही.
भातातला खडा आधीच काढला
तर जेवणाऱ्याला कुठे कळतं.

मग मागच्या गुरुवारी चौदा नंबर.
विटाव्याचे बळीराम केणी, वय एकाहत्तर.
समरी न्यायला मुलगा आला. उभ्यानेच वाचत होता.
बोट एका शब्दावर थांबलं.
"मॅडम, मी मेडिकलवर कामाला आहे.
महिनाअखेर एक्सपायर झालेला माल
मीच खोक्यात भरून कंपनीला परत पाठवतो."
एवढंच म्हणाला.
भांडला असता तर सोपं गेलं असतं.

मी पुस्तक काढलं, त्याच्यासमोरच.
एक्सपेक्ट, एक्सप्लेन, आणि दोघांच्या मधे तो शब्द,
अपेक्षा संपल्यावर, खुलासा सुरू होण्याआधी.
लायसन, पास, मुदतीची औषधं यांच्यासाठी वापरावा, असं लिहिलेलं.
माणसासाठी साधा शब्द आहे, डाइड. तोच लिहा.
समासात पेन्सिलीने कोलासो मॅडमचं बारीक अक्षर:
जो. ९ जुलै. बरोबर आहे.

चारच अक्षरं. टाइप केली.
पण वर, स्टेटसच्या चौकटीत,
कॉम्प्युटरला तीनच शब्द येतात:
डिस्चार्ज्ड, रेफर्ड, एक्सपायर्ड.
तिथे माझं काही चालत नाही.
कागद तसाच निघाला, वर मुदत, खाली मरण.
त्याने खालची ओळ पुन्हा वाचली,
घडी घातली, खिशात ठेवली.

जिन्यात त्याचा फोन लागला.
"आत्या, बाबा गेले."

गेले.
माणूस एक, क्रियापद अनेकवचनी.
मी मागची सूची चाळली, वरपासून खालपर्यंत.
आदरार्थी असं काही सापडलं नाही.
'ही' म्हणजे तो,
एकाहत्तराव्या वर्षीही तो.

समासात जागा होती.
मॅडमच्या ओळीखाली काहीतरी लिहावंसं वाटलं,
पण पेन्सिलीला टोक नव्हतं,
आणि सहा नंबरच्या हर्नियाला
जेवणाच्या आत घरी जायचं होतं.